परळच्या पालकावरचे डाग

पालकाचं बी, मुळ्याचं बी आणि तू न सांगता घातलेली आमसुलं, सगळं सुखरूप पोचलं. टपालवाल्यानं वर दोन आणे घेतले. पुढच्या वेळी तिकीट पुरेसं लाव, सुमती. आता परळची हकीकत ऐक. मुंबई पाहायची म्हणणाऱ्या तुझ्या शेजारणींनाही वाचून दाखव.

माझी भाची कमल परळला दिली आहे. तिच्या सासूबाईंचा, भागीरथीबाईंचा निरोप आला, "पोरीला माहेरी न्या. विटाळात हात लावून माझा पालक जाळला हिनं." शनिवारी पूजा उरकून निघाले. गिरगावातून ट्रामच बरी, भाडं कमी आणि खिडकी मिळते. लालबागला मोर्चा आडवा आला. 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' कंडक्टरही ओरडण्यात सामील! मी उतरले, पावशेर ताजा चिवडा घेतला नि पायीच गेले. वाट सरळ आहे, चुकायची भीती नाही.

चाळीमागे गिरणीच्या भिंतीलगत त्यांचा वाफा. परवाच पावसाची सर पडून गेलेली. पानांवर करपल्या पापडासारखे तपकिरी डाग. कमल डोळे पुसत उभी. पण वाफ्याच्या कोपऱ्यावर एक जुना पत्रा कलता टेकवला होता, त्याखालचा पालक हिरवागार!

"पाणी कोण घालतं इथं?"

"मीच, मावशी. एकाच बादलीतलं."

"तिकडं हिचा हात नसेल लागला," भागीरथीबाई म्हणाल्या.

"म्हणजे विटाळ पत्र्याला भितो म्हणायचा!"

शेजारचा दत्ताराम गिरणीत बॉयलरवर कोळसा टाकतो. तो हसला. "काकी, कोळशात गंधक असता. धुरातून वर जाता नि पावसातून खाली येता. माझ्या धोतराक बघा, चाळण झालीहा."

"तुझा धोतर जुना रे मेल्या!" भागीरथीबाई कडाडल्या.

मी वर पाहिलं. गॅलरीबाहेर उंच दांडीवर त्यांचं सोवळ्याचं लुगडं. त्याला कुणी शिवू नये म्हणून त्या स्वतः काठीनं वाळत घालतात, काठीनंच काढतात. म्हटलं, तेवढं उतरवा. उजेडात धरलं तर बारीक भोकंच भोकं!

"ह्याला कोण शिवलं, भागीरथीबाई?"

त्यांनी एकेका भोकावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "कमळे, घावने घाल गे. मावशी उपाशी हा." आम्ही सगळ्या हसत सुटलो. घावन्यांबरोबर पत्र्याखालच्या पालकाची भाजी झाली, आणि कमलची बांधलेली ट्रंक सासूबाईंनी स्वतः सोडली.

संध्याकाळी घरी येऊन दिवा लावला आणि तू आठवलीस. गावच्या घरची आपली तुळस वाळली तेव्हा, तू विटाळात शिवलीस म्हणून, मी तुला चारचौघींत बोलले होते. तेव्हा धूर होता की कीड, देव जाणे. पण मी न बघताच बोलले. तो शब्द परत घेते, सुमती. वाफ्यावर आता पत्र्याचं छप्पर घालून कमलच्याच हातानं पेरायचं ठरलंय. पालक आधी पेरावा की मुळा, आणि माझ्यावरचा राग गेला की नाही, दोन्ही उलट टपाली कळव.