मिनाच्या दगडाला तोललेलं सूत

"कातणारी बाई आणि मालकाची लोकर चोरत नाही? दाखवा एक तरी!"

मागल्या हंगामात विहिरीवर कुणीतरी हसत हसत बोलून गेलं. कुणाचं नाव घेतलेलं नव्हतं. बाकीच्या बाया घागरी उचलून घरी गेल्या, विसरल्याही. यदीदाच्या मनात मात्र ते कुसळासारखं रुतून बसलं. गालीलातल्या त्या खेड्यात तिच्याइतकं बारीक सूत कुणी कातत नसे, आणि तिच्याइतकी धास्तीही कुणी घेत नसे.

यंदा सेफोरिस शहरातल्या निकानोर व्यापाऱ्याकडून तिने दहा लिट्रा लोकर कातायला आणली, तेव्हाच ठरवलं, जेवढी नेली तेवढी परत द्यायची. धुण्या-विंचरण्यात लोकर घटतेच, व्यापारीही ती घट धरून चालतात. पण यदीदाने ती आपल्या मेंढीची लोकर वेगळी कातून भरून काढली.

घरात रोमी लिट्राचं वजन नव्हतं. दोन तऱ्हेची वजनं घरात ठेवू नयेत ही परमेश्वराची आज्ञा, ती मोडायची कशी? तिच्याकडे होता मिना या जुन्या मापाचा दगड, माहेरून आलेला. "लिट्रा काय नि मिना काय, सारखंच," असं गावात सगळेच म्हणत. तिने दहा लडी केल्या, एकेक लड त्या दगडाला काट्यावर तोलली आणि शुक्रवारी पहाटे शेजारच्या हुल्दाबरोबर बाजारातलं निकानोरचं दुकान गाठलं.

निकानोरने एका पारड्यात दहा लिट्रांची वजनं मांडली, दुसऱ्यात सूत ठेवलं. सुताचं पारडं धपकन खाली गेलं.

"पाणी मारलंस, बाई!" तो ओरडला. "लोकर दिली तेवढी, आणि सूत जास्त?"

आजूबाजूचे गोळा झाले. हुल्दाला तर तेवढंच हवं होतं. "काय गं यदीदा, आमच्या सुताला घट येते, तुझं सूत बाळसं धरतं होय?"

"वाळत घाला," यदीदा कशीबशी म्हणाली. "ऊन आहे. वाळवा आणि मग तोला."

दोरीवर लडी टांगल्या. ती त्यांच्याखालून येरझाऱ्या घालत राहिली. हुल्दाने पुढे केलेलं सुकं अंजीर तिने हातात धरलं, खाल्लं नाही. आज लोक म्हणतील पाणी मारते, उद्या म्हणतील चोरते. मग गावात तोंड कुठे दाखवायचं?

दुपारी सूत कुरकुरीत वाळलं. पुन्हा तोललं, तरी पारडं खालीच.

आता निकानोरही गोंधळला. यदीदा त्या वजनांकडे बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "तुमची लिट्रा किती दीनारांच्या वजनाची?"

"शहाण्णव."

"माझा मिना शंभरांचा."

चार दीनारांचं वजन म्हणजे एक सेला. म्हणजे लडीमागे एक सेला वजन जास्त. निकानोरने वजनांच्या पारड्यात सेलाची दहा वजनं टाकली. काटा मधोमध येऊन थांबला.

"पाणी नाही! बघितलंत ना?" निकानोर जमलेल्यांना म्हणाला. मग तिच्याकडे वळून हसला. "बाई, तुझा मिना मला फळला. जा आता, शब्बाथची तयारी कर."

ती दारापर्यंत गेली. उंबऱ्यातून परत आली.

"यात माझ्या मेंढीची लोकर आहे."

त्याचं हसू मावळलं. "हे सूत रंगाऱ्याकडे जायचंय. दोन जातींची लोकर एकसारखा रंग धरत नाही. कुठल्या लडीत घातलीस?"

"सगळ्याच."

"न विचारता?"

"न विचारता."

"मग ने परत. आठवड्याच्या पहिल्या दिवशी तुझं वेगळं काढून आण. नाही तर याच बाजारात सांगेन, यदीदा भेसळ करते. आणि ते खोटं नसेल."

डोक्यावर गाठोडं घेऊन ती जवळजवळ पळतच निघाली. हुल्दा मागून धापा टाकत येत होती. "अगं, गप्प राहिली असतीस तर काय बिघडलं असतं? त्याला कळणार होतं का?"

"रंगात कळलं असतं."

"तोवर लोक विसरले असते."

"मी विसरले असते का?"

दिवे लावायला जेमतेम वेळ मिळाला. गाठोडं कोपऱ्यात पडलं. शब्बाथ, विसाव्याचा दिवस, लागला होता; आता उद्या अंधार पडेपर्यंत लोकरीला हात लावायचा नाही. आपल्या मेंढीचा धागा आपल्याला ओळखू येईल, असं तिला वाटत होतं. येईल ना? इतका एकसारखा कातला होता, की आता त्याचीच भीती वाटत होती.

तिचा नवरा योएझेर याने भाकरीवर आशीर्वाद म्हटला, तुकडा मोडून तिला दिला. "तिकडे बघू नकोस."

"बघत नाहीये."

"बोटं तर चालली आहेत."

तिने खाली पाहिलं. मांडीवर अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, नसलेला धागा चाचपत. तिने दोन्ही हात पदराखाली दाबून धरले, आणि भाकरी तशीच राहिली.