साडभाऊंच्या हातून न मोडलेलं औजार

पृथ्वीवरची प्रत्येक वस्तू मोडण्यासाठीच बनवलेली आहे आणि ती मोडेपर्यंत वापरून पाहणं हे आपलं जन्मजात काम आहे, अशी खात्री असलेला एकच माणूस मी पाहिला, आणि नेमका तो माझाच साडभाऊ निघाला. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आंधळगावात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. आठवडी बाजारात पोतं अंथरून खिळे विकण्यापासून मी ते उभं केलं, भाव पाडता पाडता नागपूरच्या व्यापाऱ्यांना घाम फोडला, आणि या गृहस्थाने माझ्याच काउंटरला टेकून, माझाच चहा पीत, माझ्याच गिऱ्हाइकाला सांगावं, "घेऊन जा बाबू, पण टिकत नाही थे." गिऱ्हाईक वस्तू खाली ठेवून निघून जायचं. साडभाऊंनी एक हंगाम वापरून पाहिल्याशिवाय गावात कोणी माझ्याकडून साधा विळा घेत नसे. हे मला अजून सलतं, आणि मी ते लपवतही नाही.

त्यांचा खरा जीव मल्टिटूलवर. पेंचिस म्हणजे पक्कड, चाकू, पेचकस, कानस, करवतीसारखी छोटी आरी, सगळं एका मुठीत मावणारं ते औजार चामड्याच्या पिशवीत घालून ते थेट करदोड्याला बांधत. लग्नाच्या पंगतीत मांडी घालून बसले की कमरेपाशी टणकन आवाज होई आणि वाढपी दचके. सकाळी त्याच्या आरीने दातून कापायचं, मग मोटारपंपाचे नट आवळायचे, बैलाच्या दोरीची गाठ सोडवायची, दुपारी तलावावरून आणलेली मासळी साफ करायची आणि संध्याकाळी ओसरीवर बसून पायाची नखं काढायची. "भाजीले ग्रीसचा वास येऊन राहिला," असं त्यांच्या बायकोने एकदा माझ्यादेखत म्हटलं, तर हे शांतपणे म्हणाले, "ग्रीसनं पोट साफ राहते." कोणाच्या घरी पाहुणे म्हणून गेले की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी त्यांची नजर दाराच्या बिजागरीवर जाई. घरमालक चहा घेऊन बाहेर येईपर्यंत दार खाली उतरलेलं असे.

मी त्यांना दिलेली सुरुवातीची मल्टिटूलं फार दिवस जगली नाहीत. एकाचा हातोडा करून त्यांनी बांधावर खांब ठोकला. दुसरं रात्रभर पंपाच्या व्हॉल्व्हला चिमटा म्हणून लावून ठेवलं. तिसरं घेऊन आले तेव्हा दुकान भरलेलं होतं आणि त्याचे दोन्ही जबडे दोन दिशांना पाहत होते.

"काय केलं?" मी विचारलं.

"काही नाही. बकरी बांधली होती."

"साडभाऊ, हे पेंचिस आहे. खुंटा नाही."

"खुंटा बी झाला नाही ना मंग? टिकत नाही म्हणतो, थे मी का खोटं सांगून राहिलो?"

सगळं दुकान हसलं. माझं डोकं तापलं, मी त्यांना नको ते बोललो, आणि त्याच आठवड्यात नागपूरला गेलो. एका ठोक व्यापाऱ्याकडे सकाळपासून ठाण मांडून, त्याच्या गोदामातलं प्रत्येक मल्टिटूल दाबून, वाकवून, फरशीवर आपटून पाहिलं आणि सर्वांत जड, जाड पिनांचं एक निवडून आणलं. ते साडभाऊंच्या हातावर ठेवून म्हटलं, "आता हे मोडून दाखवा. नाही मोडलं तर चार माणसांत म्हणायचं, माल चांगला आहे."

ते मोडलं नाही. वर्षं गेली. मळणीत, चिखलात, भट्टीशेजारी, सगळीकडे ते औजार जगलं. मी भेटलो की विचारायचो, "काय, तुटलं का?" ते खाली मान घालून म्हणायचे, "वेळ लागन." पण माल चांगला आहे, हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. त्या तीन शब्दांसाठी मी किती झुरलो, हे माझ्या बायकोला विचारावं.

यंदा धान घरात आल्यावर एका दुपारी ते दुकानात आले. दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांनी औजार काउंटरवर ठेवलं. "घ्या. गेलं तुमचं औजार. उघडूनच नाही राहिलं."

ते हातात घेऊन मी तेलाचा डबा काढायला काउंटरखाली वाकलो आणि तिथेच ते अंगठ्याने उघडून पाहिलं. लोण्यातून सुरी जावी तसं उघडलं. चाकू, पेचकस, आरी, एकेक पातं पहिल्या दिवसासारखं. मी जिंकलो होतो. फक्त उभं राहून दोन माणसांसमोर ते एकदा उघडून दाखवायचं बाकी होतं.

वर पाहिलं तर साडभाऊ चहा घेत होते. कप दोन्ही हातांनी धरला होता, तरी बशीत टेकवताना किणकिणत होता. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी जिथे गादीसारखं मांस असायचं तिथे खळगा पडला होता. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, डॉक्टरकडे पाहावं तसे.

मी औजार मिटून वर ठेवलं. "जाम झालं आहे," मी म्हणालो. "मालच हलका निघाला."

"काय म्हटलं?"

"हलका होता माल. मीच फसलो."

साडभाऊ गिऱ्हाइकांकडे वळले. "आयकलं ना बाबू?" आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर पूर्वीचं ते भांडखोर तेज आलं.

त्यांना बसवून मी आतल्या खोलीत पिना सैल केल्या, तेल सोडलं. एवढं सैल केल्यावर चाकू बोटांवर मिटेल, म्हणून तो काढूनच टाकला. आता फुंकर मारली तरी ते उघडेल असं झालं. चांगल्या मालाची अशी वाट मी आयुष्यात लावली नव्हती.

"चाकू कुठं गेला?" त्यांनी विचारलं.

"कमजोर होता. फेकला."

"मले माहीतच होतं." त्यांनी ते झटक्यात उघडलं, पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. मग माझी खुर्ची हलते म्हणून गुडघ्यावर बसले आणि तिचा स्क्रू आवळू लागले. बराच वेळ लागला. मी गिऱ्हाइकांना मुद्दाम मोठ्याने भाव सांगत राहिलो. अखेर ते उठले, हात झटकले आणि म्हणाले, "बसा आता. हलत नाही."

माझा माल हलका असतो, हे आता गावभर झालं आहे. लोक तोंडावर ऐकवतात आणि मी गिळतो. स्क्रू निम्मा वर आहे, खुर्ची करकरते. दुकानात पेचकसांची आख्खी पेटी पडली आहे, पण त्या स्क्रूला मी हात लावलेला नाही. बसताना जरा तोल सांभाळून बसतो, इतकंच.