मागांच्या सुट्टीचा दिवस

सत्तरच्या दशकात मी सोलापुरातल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो. गणकयंत्राचा छोटा नमुना करायचं मनात होतं. त्यासाठी दोन आंदोलक, म्हणजे एका ठेक्यात विजेचे हेलकावे देणारी दोन सर्किटं, बरोबरीनं चालायला हवी होती. एकमेकांना जोडलेली नसतानाही बहुतेक दिवस ती ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर लाटेला लाट जुळवून चालत. ते मी माझं कसब समजत होतो.

प्रयोगशाळेतले शिपाई मामा विणकराच्या घरातले. माग सोडून इथं आलेले. उपकरणांवरची धूळ स्वतः पुसत, दुसऱ्याला हात लावू देत नसत. भिंतीपलीकडे यंत्रमागांचा कारखाना होता आणि त्याच्या मोटारी आमच्याच विजेच्या लाइनीवर. त्यांच्या हिसक्यांनी माझ्या लाटांवर बारीक काटे उठत. मी वैतागे.

एकदा मामा म्हणाले, "सर, माग चालू हायत तवर हे दोघं एका चालीनं जातेत. मागाला सुट्टी असली की फारकत."

"मामा, गोंगाटानं कधी काम सुधारतं का?"

"आमच्या घरात तर त्याच्याबिगर पोरं झोपत न्हाईत की."

मी हसलो. विद्यापीठाची समिती पाहणीला येणार होती, तेव्हा मी मुद्दाम मागांच्या सुट्टीचा दिवस मागून घेतला. त्या दिवशी लाटा अगदी स्वच्छ होत्या. पण पाच मिनिटांत एक पुढं गेली, दुसरी मागं राहिली.

"सर्किटला कुणी हात लावला?" प्राचार्यांनी विचारलं.

मी नुसतं मामांकडे पाहिलं. तेवढं पुरलं. आठवड्याभरात त्यांना सायकल स्टँडवर बसवलं.

पाहणीच्या दुसऱ्याच दिवशी माग सुरू झाले आणि लाटा माझ्या डोळ्यांसमोर जुळल्या. एकच हिसका दोघांना एकाच क्षणी बसत होता. दोघं एकदमच अडखळत आणि त्यांच्यातलं अंतर थोडं थोडं मिटत जाई. मला कळलं होतं. प्राचार्यांची खोली वीस पावलांवर होती. मी गेलो नाही. पुढं याच गोष्टीवर एका परिषदेत निबंध वाचला, त्यात मामांचा उल्लेख केला नाही.

मामा रोज माझी सायकल लावून घेत. मागांच्या सुट्टीला हळूच म्हणत, "आज प्रयोग लावू नका सर." मी मान डोलवत असे, आणि खरंच लावत नसे.

सर्किटला मामांनी हात लावला नव्हता. हे ज्यांनी ऐकायला हवं होतं ते प्राचार्य आता नाहीत, मामाही नाहीत. मामांची मुलं सोलापुरातच आहेत असं ऐकतो. हे सगळं लिहिलेला हा कागद आधी त्यांच्याकडे घेऊन जाणार आहे.