पाळण्यातलं पायताण

माझी मुलगी जन्मली तेव्हा तिचं डावं पाऊल आत वळलेलं होतं. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी जो येईल तो आधी दुपटं उचलून तिचा पाय बघायचा, मग माझ्याकडे बघायचा. मला दोन्ही बघण्यांचा सारखाच राग यायचा.

हाडांचे डॉक्टर मात्र निवांत होते. दर आठवड्याला नवं प्लास्टर, दर वेळी पाऊल थोडं बाहेर. सहा प्लास्टरं झाली, टाचेमागची आखडलेली शीर सोडवायला लहानसा छेद दिला आणि पाऊल सरळ आलं. मी दवाखान्यातच रडले.

"आता खरं काम तुमचं," असं म्हणत डॉक्टरांनी दोन चिमुकले बूट हातात दिले. दोन्हींच्या मधे लोखंडी पट्टी. तीन महिने दिवसाचे तेवीस तास, आत सुती मोजे घालून. पुढे पाच वर्षांची होईपर्यंत झोपताना. "यात हयगय झाली तर पाय परत वळणार. मग कदाचित मोठं ऑपरेशन."

घोटाळा झाला तो 'बूट' या शब्दाने. सासूबाई बिद्रीकडच्या शेतकरी घरातल्या. उंबऱ्याच्या आत चप्पल येऊ द्यायच्या नाहीत. "पाळण्यात पायताण घालून निजवायचं लेकराला?" एवढंच एकदा म्हणाल्या. मला वाटलं, पटलं त्यांना. माझी रजा संपली, मी शाळेत रुजू झाले.

दोन महिन्यांनी तपासणीला गेलो. किती तास घालता, असं डॉक्टरांनी विचारलं. "तेवीस," मी ठसक्यात सांगितलं. त्यांनी बूट काढून आत अंगठा फिरवला. "बोटांचा ठसासुद्धा उमटलेला नाही. पट्टे नवेकोरे आहेत." मग तिचं पाऊल वर दाबून पाहिलं. टाच खाली यायला तयार नव्हती. "परत प्लास्टर. या खेपेला बिघडलं तर ऑपरेशनचंच बोलू."

घरी येऊन मी सासूबाईंवर तुटून पडले. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "पाळण्यात घालताना सोडून ठेवलं, रोज. रात्री माझ्यापाशी निजली तरी." मग तर मला रानच मोकळं मिळालं. पोरीचा पाय तुमच्या सोवळ्यापायी गेला, असं मी म्हणाले. त्यांनी मेथीची पुढची काडी उचलली.

माझं मात्र मी सांगितलं नाही. माहेरच्या लग्नाकार्यांत लोक बाळाचे पाय बघून कुजबुजायचे. मला लाज वाटायची, स्वतःच्या पोरीची. म्हणून कार्यालयाच्या दारातच मी बूट-मोजे काढून पिशवीत टाकायचे आणि परतताना रिक्षात घाईघाईने बूट चढवायचे. त्या दोन महिन्यांत चार लग्नं झाली आणि एक बारसं. आयता गुन्हेगार सापडल्यावर स्वतःचं नाव कोण घेतं?

दुसरी प्लास्टरं चालू असताना खंडेनवमी आली. पाटावर माझ्या नवऱ्याचे पाने मांडले होते; तो कागलच्या एमआयडीसीत फिटर आहे. शेजारी माझी कात्री, विळी, सासूबाईंनी गावाकडून आणलेलं खुरपं. सासूबाईंनी ते बूट ओल्या फडक्याने पुसले आणि मधोमध ठेवले. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल वाहिलं.

"हे पायताण न्हाय," त्या म्हणाल्या. "पाय सरळ करायचं अवजार हाय. अवजाराला कसला आलाय विटाळ."

प्लास्टर निघाल्यावर सासूबाई बुटांच्या राखणदार झाल्या. पोरगी किंचाळली तरी पट्टा ढिला होईना. एकदा आलेल्या पाहुण्यांनी म्हटलं, किती छळता लेकराला, काढा की जरा. "पावणं, तुमचा पाय सरळ हाय न्हवं? मग च्या घ्या गप." आणि मी? घरात काहीही बिनसलं की मी तो पाय उकरून काढायचे. त्यांनी कधी उलट उत्तर दिलं नाही.

गेल्या महिन्यात पोरीला पाच वर्षं झाली. "उकिडवी बस बघू," डॉक्टर म्हणाले. टाच उचलली गेली तर पाय परत आखडला, हे मला ठाऊक होतं. ती बसली. उजवी टाच फरशीला टेकली. डावी अधांतरी राहिली. मला ऑपरेशनचं टेबल दिसायला लागलं. डॉक्टर वाकून बघायला लागले.

"भाजी निवडताना बसतीस तशी बस की," सासूबाई मागून म्हणाल्या.

पोरीने बूड आणखी खाली घेतलं आणि टाच टेकली. डॉक्टरांनी खाली बोट घालून पाहिलं. बोट शिरेना. पोटरी थोडी बारीक राहील, म्हणाले, चप्पल एका नंबरने लहान लागेल. पण धावेल, उड्या मारेल. रात्रीचे बूट बंद.

दवाखान्याच्या पायरीवर सासूबाई नातीच्या चपलेचा पट्टा लावत होत्या. मला राहवेना. "आई, तेव्हा बूट मीही काढत होते. लग्नांत."

"म्हाईत हाय की," त्या वर न बघता म्हणाल्या. "आल्यावर पिशवी कोन रिकामी करायचं? मोजे तळाला असायचे."