पिंपरीच्या कॉलनीत शिकलेलं स्पॅनिश

परवा थेरगावला नातीकडे गेले होते. ती चाकणच्या एका कंपनीत आहे. कंपनी तिला सहा महिने स्पेनला पाठवतेय, म्हणून मोबाइलवर रस्ते विचारायचं स्पॅनिश घोकत बसली होती. मी चहा पिता पिता सहज म्हटलं, "इस्किएर्दा म्हणजे डावीकडे आणि देरेचा म्हणजे उजवीकडे..." पोरगी बघतच राहिली. पंच्याऐंशीच्या आजीकडून तिला फार तर गुडघ्यांची तक्रार ऐकायची सवय!

तिला सांगितलं तेच आज इथे लिहिते... पन्नासच्या दशकाची अखेर असेल. लग्न होऊन मी साताऱ्याकडून पिंपरीला आले, वय अठरा. चहूकडे ज्वारीची शेतं आणि मध्येच नवाकोरा कारखाना. हे तिथे क्लार्क होते, आम्ही कॉलनीत दोन खोल्यांत राहायचो.

कारखान्यात मशिनरी बसवायला मेक्सिकोहून एक इंजिनियर आले होते. त्यांची बायको एलेना, चोवीस-पंचवीसची, पोटुशी, आणि दिवसभर बंगल्यात एकटी. बाजारहाटाला तिच्यासोबत कोण जाईल असं साहेबांनी विचारलं, आणि ह्यांनी मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं.

तिचं इंग्रजी बेताचं, माझं सातवीपुरतं. मग आम्ही एक वही केली. ती म्हणायची, मी देवनागरीत लिहायची. दोन्दे एस्ता म्हणजे कुठे आहे, काये म्हणजे रस्ता, पुएन्ते म्हणजे पूल, सेर्का जवळ, लेहोस लांब... आमची सगळी भाषा रस्त्यावरचीच, पण तेवढ्यावर मस्त जमलं होतं.

एक दिवस तिला चिंचवडचं गणपतीचं मंदिर बघायचं होतं. टांगा मिळेना, मी म्हटलं चालत जाऊ. "सेर्का?" तिनं विचारलं. "सी, सी, सेर्का!" मी ठोकून दिलं.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. वाट विचारली की एक कोस असो नाहीतर तीन, आपण 'हे काय, पुढ्यातच' म्हणतो... चालणाऱ्याचा धीर सुटू नये म्हणून. वाटेत शेतात भांगलणाऱ्या एका मावशींनीही खुरपं हलवून सांगितलं, "ह्ये काय, म्होरंच हाय की!" मी तेसुद्धा एलेनाला इमानदारीत सांगितलं, सेर्का.

मंदिर दिसायच्या आधीच ती एका बाभळीखाली मटकन बसली. पाय सुजलेले, चेहरा लालबुंद. "नो सेर्का," म्हणाली आणि रडायलाच लागली. एका बैलगाडीतून तिला परत आणलं.

दुसऱ्या दिवशी बंगल्यावरून निरोप आला, यायची गरज नाही. सासूबाईंनी कान उपटले ते वेगळंच, "पोटुशी बाईला एवढी तंगडतोड कुणी करायला लावतं का गं?" मला फार लागलं. कारण मी खोटं बोलले असं मला वाटतच नव्हतं ना... मी तर तिला धीर देत होते.

अडीच महिने तोंड पाहिलं नाही एकमेकींचं. मग एका दुपारी कारखान्याची जीप दाराशी थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "चला वहिनी. बाईंच्या कळा सुरू झाल्यात, सायेब मुंबईला. त्यांचं आमाला कळंना, आमचं त्यास्नी कळंना." मी कणकेच्या हातानं तशीच जीपमध्ये चढले.

एलेनानं माझ्याकडे पाहिलंही नाही. हॉस्पिटल पुण्यात, रस्त्यात वैरणीच्या गाड्या. कळ आली की ती सीट घट्ट धरायची, माझा हात नाही. दापोडीच्या अलीकडे तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं, "सेर्का?"

"आलंच बाई, ह्ये काय, आलंच!" ड्रायव्हर बिचारा मागे न बघताच म्हणाला. माझ्याही जिभेवर तेच आलं होतं... गिळलं. "नो," मी म्हटलं. "लेहोस."

ती माझ्याकडे टक लावून बघायला लागली. मग वहीतलं होतं नव्हतं ते मी सगळं बाहेर काढलं. आधी पुएन्ते, मग लांबच लांब काये, मग इस्किएर्दा, परत एक पुएन्ते, मग देरेचा की हॉस्पिटल. बोटांवर मोजून दाखवलं.

पूल आला, सांगितला तसा. लांब रस्ता आला. डावं वळण आलं. दुसऱ्या पुलावर तिनं माझा हात धरला, असा आवळला की दोन बांगड्या वाढल्या.

हॉस्पिटलच्या दारात नर्सनं अडवलं. "पेशंटच्या कोण तुम्ही? नात्यातल्याच बाईला आत सोडते." माझ्या अंगावर नऊवारी, एलेनाचे केस सोनेरी... काय सांगणार? पण एलेना हात सोडेना. स्ट्रेचरवरून तिनं नर्सला एकच शब्द दोनदा सांगितला, "एर्माना. एर्माना."

तो शब्द वहीत नव्हता. नर्सलाही कळला नसणार, पण हात सुटत नाही बघून तिनं मला आत घेतलं. संध्याकाळी मुलगी झाली. महिना-दीड महिन्यात ती मंडळी बोटीनं मायदेशी गेली, आणि शब्दाचा अर्थ विचारायचा राहूनच गेला. 'सोडा हिला आत' असं काहीतरी असेल, असं मी आपली धरून चालले होते.

परवा नातीला हे सांगितलं तेव्हा तिनं मोबाइल बाजूला ठेवला. म्हणाली, "आजी, एर्माना म्हणजे बहीण."

आम्ही चार भाऊ आणि मी एकटी. मला बहीण नाही, असं मी जन्मभर सगळ्यांना सांगत आले... चुकीचं सांगत होते की मी.