अमावस्येनंतरचे नऊ फोटो

लग्नाची स्थळं ईमेलने यायला लागली तेव्हा नौबादेत, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, माझं कॉम्प्युटर सेंटर होतं. सेंटर म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि बाहेर भली मोठी पाटी. पोरं पुण्याला, हैदराबादला कामाला गेलेली, त्यांचे फोटो इकडे पोरीवाल्यांना बघायचे असायचे. ईमेलचा पत्ता कोणाकडेच नव्हता, म्हणून सगळे माझाच देऊन मोकळे व्हायचे. आसपासच्या गावांतले, निर्ण्याचे काय, मेहकरचे काय, सारे नवरदेव आधी माझ्याकडे उतरायचे.

उतरायला वेळही भरपूर घ्यायचे. टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट ते. फोटो वरून खाली पट्टीपट्टीने उघडायचा, आधी कपाळ, मग बऱ्याच वेळाने भुवया. एखादी आई तेवढ्यावरच म्हणायची, "घरानं चांगलं दिसायलंय." नाक यायच्या आत मानपानाची बोलणी सुरू.

मी मुळातच उतावळी. परक्या पुरुषांच्या भुवयांची वाट बघत बसायचा मला वैताग आला आणि मी एक प्रोग्राम लिहिला. सकाळी चालू केला की तो सर्व्हरवर जायचा, प्रत्येक मेलला जोडलेली फाइल काढून माझ्या फोल्डरमध्ये ठेवायचा आणि सर्व्हरवरचं मेल पुसून टाकायचा. पुसायचा, कारण आमची पेटी लहान, दहा-बारा फोटोंत तुडुंब भरायची. तोवर मी निवांत चहा प्यायची. आठवडाभर रोज एक मेल आलं, एक फोटो उतरला, मी छापून दिला. माझ्यासारखी हुशार पोरगी अख्ख्या जिल्ह्यात नाही, अशी माझी खात्रीच पटली.

त्याच दिवसांत आमच्या अक्कासाठीही एक फोटो यायचा होता. अक्काने तिशी गाठली होती. सात स्थळं "कळवतो" म्हणून गेली ती गेलीच. हे आठवं, मुलगा मूळचा भालकीकडचा, हैदराबादेत औषधांच्या कारखान्यात नोकरीला. अक्काचा फोटो त्यांना पसंत पडला होता, आता त्याचा यायचा होता. "हे हातचं गेलं तर बिजवर बगावा लागंल," असं अप्पांनी जेवताना सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं. अक्का भरल्या ताटावरून उठून गेली.

त्या रविवारी अमावस्या आली. आमच्याकडे अमावस्येला स्थळाचा फोटो कोणी बघत नाही, म्हणून मी सेंटर बंद ठेवायची. पण ही अडचण बघणाऱ्यांची. पाठवणाऱ्यांना रविवारीच सुट्टी, त्यांनी खुशाल पाठवले. सोमवारी सकाळी मी प्रोग्राम चालू केला, तर त्याने एकदम नऊ मेलं उतरवली.

फोल्डर उघडलं तर आत एकच फोटो. मोटारसायकलला टेकलेला कोणी मिशीवाला. आधी मला वाटलं मशीन बिघडली. मग डोक्यात प्रकाश पडला. पोरं फोटो स्कॅन करायची दुकानात, आणि दुकानदार झाडून सगळ्यांच्या फाइलला एकच नाव द्यायचे, ‘फोटो’. एकाच नावाची दुसरी फाइल आली की माझा प्रोग्राम ती पहिलीच्या जागी ठेवायचा. रोज एकच मेल येत होतं तोवर हे कळणार तरी कसं? आठ नवरदेव, त्यांत अक्काचाही, नवव्याखाली गडप झाले होते, आणि सर्व्हरवर तर मीच झाडू मारलेला.

बाकीच्यांनी मला शिव्या घालत का होईना, फोटो परत मागवले. अप्पा मात्र अडून बसले. "पोरीवाल्यानं दोनदा फोटो मागटला तर त्यान्ला वाटंल, पसंत न्हाई. मी न्हाई मागणार."

मी प्रिंटरमागे तोंड लपवून रडत होते. अक्काची शेवटची आशा माझ्या शहाणपणाने घालवली, दुसरं काय?

"कामून रडायलीस?" अक्का आली. मी सांगितलं. तिने बायोडाट्यावरचा नंबर बघितला आणि सेंटरच्या फोनवरून सरळ त्यालाच लावला. मी तिच्या कानाशी कान लावला.

"तुमचा फोटो आमच्याकडून पुसला गेला," अक्का म्हणाली. "परत पाठवता का?"

पलीकडून आवाज आला, "बरं झालं पुसला. धा वर्षाखालचा होता. आईनं पाठवाय लावला. आता केस न्हाईत तेवढे. कोणता पाठवू?"

"आत्ताचा पाठवा," अक्का म्हणाली. आणि जरा थांबून, "माझाबी खरा न्हाई. बहिणीनं कॉम्प्युटरवर उजळ केलाय. मी सावळी हाय."

माझे कान तापले. ते मी तिला न सांगता केलं होतं, तिच्या भल्यासाठी म्हणून. तिला माहीत असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मेल आलं. मी ते प्रोग्राम न लावता हाताने उघडलं. चष्मा, विरळ केस, उन्हाने बारीक झालेले डोळे. अक्का खुर्ची ओढून बघत बसली. मग उठली, तोंड धुऊन आली आणि अंगणात भर उन्हात जाऊन उभी राहिली.

"कॅमेरा आण," तिने हाक मारली. "माझा काढ. आन् ह्या येळी फोटोला हात लावू नको."