उभ्याने शिकलेली गिटार

गिटार शिकायला मी त्रेपन्नाव्या वर्षी सुरुवात केली. आधी महिनाभर मोबाईलवरचे व्हिडिओ पाहिले. त्यातला मुलगा दर दोन वाक्यांनंतर "एकदम सोपं आहे" म्हणायचा आणि मला ते जमत नसे. आपली चूक ज्याला निदान दिसेल असा माणूस समोर हवा, असं वाटून मी साताऱ्यातच शोध घेतला.

सापडले ते सैन्यातून निवृत्त झालेले एक हवालदार. मूळचे आटपाडीकडचे, पेन्शनीनंतर साताऱ्यात घर केलेले. आठवड्याचे सहा दिवस ते एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत असत आणि रविवारी सकाळी आपल्या गच्चीवर गिटार शिकवत. मी कॉलेजात इतिहास शिकवतो म्हणून ते मला सर म्हणत. ते मला गिटार शिकवतात म्हणून मी त्यांना सर म्हणे. त्यामुळे चूक कोणाची, हे ठरायला जरा वेळ लागे.

वर्गात आम्ही तिघे. दुसरे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, ज्यांचं एक बोट दोन तारा सहज व्यापायचं. तिसऱ्या होत्या एका औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई. त्यांनी पहिल्याच रविवारी बोटांना लावायला मलम आणलं, ते सरांनी पिशवीत परत ठेवायला लावलं.

"घट्टे पडू द्या, बाई. घट्टा पडला की दुखायचं थांबतंय."

सरांना गिटार शिकवली होती मिझोरामच्या एका जवानाने, बर्फातल्या चौकीवर. त्याने जी, सी, डी आणि ई मायनर अशा चार कॉर्ड, म्हणजे तारांवर बोटांच्या चार ठेवणी, शिकवल्या आणि एफपर्यंत पोचण्याआधी त्याची बदली झाली. त्यामुळे आमच्या वर्गात एफ नव्हती. चौकीवर थंडी इतकी असायची की उभं राहून पाय आपटत राहिल्याशिवाय बोटं हलत नसत. म्हणून ते दोघे पाय आपटत वाजवायचे. सरांनी विद्या जशी मिळाली तशी पुढे दिली. मे महिन्यात, तापलेल्या गच्चीवर, गळ्यात पट्टा अडकवून आम्ही तिघे कदमताल करत होतो. डावा पाय पडला की हात खाली, उजवा पडला की वर.

"आवं ड्रायव्हर, क्लच दाबल्यागत काय करताय? पाय उचला."

"तीस वर्षं दाबलाय, सर. एकदम कसा सुटंल?"

पावसाळा संपेपर्यंत माझे गुडघे बोटांपेक्षा जास्त दुखू लागले, पण जीवरून सीवर मी न थांबता जाऊ लागलो होतो.

दिवाळीनंतर एका रविवारी सरांनी आम्हाला गिटार काढू दिली नाही. गावाबाहेरच्या एका नव्या इंग्रजी शाळेत संगीत शिक्षकाची जागा निघाली होती. शाळेची कमान किल्ल्याला शोभेल अशी होती आणि वर्ग अजून पाचवीपर्यंतच होते. सरांकडे प्रमाणपत्र नव्हतं, तेव्हा शाळेचे अध्यक्ष म्हणाले होते, पालक मेळाव्यात तुमचे विद्यार्थी दाखवा, मग बघू.

"गेटवर पाच वर्षं झाली," सर म्हणाले. "दुसऱ्याच्या गाडीची डिक्की उघडायची, आत बघायचं, बंद करायची. ही जागा मिळाली तर गेट सुटंल. पोरांस्नी शिकवीन, जे येतंय ते." एवढं सलग ते कधी बोलले नव्हते. "एकच गाणं. चार कॉर्ड. जमंल का?"

"जमवू की," ड्रायव्हर म्हणाले. त्यांची सी अजून वाजत नव्हती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मेळाव्याला दीपप्रज्वलन झालं. नंतर सत्कार झाले, आणि ज्यांनी सत्कार केले त्यांचेही सत्कार झाले. प्रमुख पाहुणे एक निवृत्त कॅप्टन होते. दीड तासाने आमची पाळी आली. गळ्यात पट्टे अडकवून उभे असलेले आम्ही अध्यक्षांच्या नजरेस पडलो.

"उभ्याने? छे छे. संगीत म्हणजे आपली बैठक पाहिजे. गादी टाका रे."

गादी आली, तिच्यावर पांढरी चादर आली, लोडही आले. वरून आलेल्या हुकमाला उलट बोलायची सवय नसल्यामुळे सर "ठीक आहे, साहेब" म्हणाले. आम्ही चपला काढून मांडी घातली.

मी जीची कॉर्ड धरली. नंतर काहीच झालं नाही. हात पायाची वाट पाहत होता आणि पाय मांडीखाली होता.

"करा की सुरू," बाई कुजबुजल्या.

"तुम्ही करा."

"मला पहिला हातच आठवेना."

ड्रायव्हरांनी एकदा तारांवरून हात ओढला, तो खालीच राहिला. सभागृहात कोणीतरी खोकलं. अध्यक्ष कॅप्टनसाहेबांकडे वळून काहीतरी समजावू लागले. सर रंगमंचाच्या कडेला उभे होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग समोर भिंतीकडे पाहिलं, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सावधान."

आम्ही तिघे उभे राहिलो. कॅप्टनसाहेबही राहिले. समोर बसलेल्या आजोबालोकांत निम्मे तरी पेन्शनीतले फौजी होते, तेही राहिले. त्यांना पाहून राष्ट्रगीत असावं अशा समजुतीने बाकीचे उभे राहिले. अध्यक्ष सर्वांत शेवटी.

"कदमताल."

आम्ही गादीवर पाय आपटत ते गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं. गादी मऊ असल्याने लय जरा जड झाली. ड्रायव्हरांच्या सीच्या जागी दर वेळी नुसता पाय ऐकू आला. संपेपर्यंत सभागृहात कोणी बसलं नाही. सरांनी "विश्राम" म्हटल्यावर सगळे बसले. अध्यक्षांनी आभाराच्या भाषणात सांगितलं की पालकांची अशी शिस्त त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

पुढच्या रविवारी सरांच्या खिशात शाळेचं पत्र होतं.

"लागली का नोकरी?" बाईंनी विचारलं.

"लागली. कवायतीची."

"आणि संगीताची?"

"त्येला परीक्षा दिलेल्या म्याडम घेतल्यात."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"विचारलं. म्हटलं, कवायतीच्या तासाला गिटार आणू का? तर म्हणाले, शिट्टी पुरे."

"गेट तर सुटलं," ड्रायव्हर म्हणाले.

"सुटलं की," सर म्हणाले. ते खाली गेले आणि दोन खेपांत चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या वर घेऊन आले. "आपल्याला बसून वाजवता येत न्हाई, ही आपली कमी हाय. परत जागा निघाली तर ह्याच्यावरनं अडाय नको."

मग ते खुर्चीवर बसले. गिटार हातात असताना मी त्यांना बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी जीची कॉर्ड धरली, हात उचलला आणि तो तसाच राहिला. टाच हलू लागली. त्यांनी ती रोखली, तर हातही थांबला.

"ड्रायव्हर, माझ्या पायावर पाय ठेवा."

"तुमच्या पायावर? नको, सर."

"ठेवा. ब्रेक समजा."

ड्रायव्हरांनी चप्पल काढून त्यांच्या डाव्या पायावर पाय ठेवला. उजव्यावर मी ठेवला. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्या वेळी हात खाली आला, थांबला, आणि बराच विचार केल्यासारखा वर गेला. माझ्या तळव्याखाली त्यांचा पाय थरथरत होता, पण जागेवर होता.

"आता डीवर जातो," सर म्हणाले. "दाबून धरा."